झाकणाच्या आतली कड

(बारामती येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय काय, असं संयोजकांनी फोनवर विचारलं तेव्हा मी सांगितलं, 'पृष्ठभाग निर्जंतुक करण्याच्या पद्धती पारखण्याची मानकं.' पलीकडे थोडा वेळ शांतता. मग अदबीनं विचारणा झाली, "सर, पत्रिकेवर जरा सोपं काही छापलं तर चालेल का?" म्हटलं, छापा. म्हणून तुमच्या हातातल्या पत्रिकेत 'स्वच्छता आणि आपण' असं आहे. गाडगेबाबांवर ऐकायला मिळेल म्हणून कुणी आलं असेल तर त्यांची आधीच माफी मागतो.

टेबलावर दोन झाकणं ठेवली आहेत. चाळीस लिटरच्या दुधाच्या कॅनची. एक झाकण सोड्याच्या पाण्यानं, ब्रशनं घासून, मग हायपोच्या, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या, पाण्यात बुडवून काढलंय. दुसरं नुसतं नळाखाली धरून फडक्यानं पुसलंय. तुम्ही बसलात तिथून दोन्ही सारखीच चमकतात. कोणतं कोणतं ते मी सांगणार नाही, कारण मलाच ठाऊक नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या दोन मुलींनी ती धुतली, त्यांवर खुणा केल्या आणि व्याख्यानाआधी स्वॅब घेऊन ठेवले. चिठ्ठी त्यांच्याकडे आहे.

ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते ते डॉक्टर जनावरांचे डॉक्टर होते, इंदापूर तालुक्यात. दूध संकलन केंद्रावर आले की ते आधी गाईंची चौकशी करत नसत. कॅनचं झाकण उचलायचे, उलटं करायचे, रबरी वायसर बसतो त्या आतल्या कडेवरून बोट फिरवायचे आणि बोट नाकाला लावायचे. मग काही न बोलता झाकण त्या माणसाच्या हातात द्यायचे. त्या न बोलण्याला लोक भारी घाबरत. मी तेव्हा डेअरीच्या प्रयोगशाळेत नवा होतो आणि माझ्यापाशी नाकापेक्षा भारी गोष्ट होती, एका जंतुनाशकाच्या कंपनीचं प्रमाणपत्र. त्यावर लिहिलं होतं, पाच मिनिटांत ९९.९९९ टक्के जंतू नष्ट. मी ते डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि विचारलं, "छान आहे. पण हे कुणाच्या गोठ्यातलं?"

मला तेव्हा राग आला होता. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आपल्या सगळ्यांच्या घरी असलेल्या वस्तूपासून सुरुवात करतो, म्हणजे फिनेलची बाटली. काळं फिनेल घेतलंत तर लेबलावर कुठेतरी 'आरडब्ल्यूसी' आणि पुढे एक आकडा दिसतो. यातली आर आणि डब्ल्यू ही दोन माणसांच्या आडनावांची आद्याक्षरं आहेत, रिडिअल आणि वॉकर; सी म्हणजे कोएफिशंट, गुणांक. सॅम्युअल रिडिअल आणि एन्स्ली वॉकर या दोघा इंग्रज रसायनज्ञांनी १९०३ साली जंतुनाशकांची ताकद मोजण्याची एक रीत काढली. तोवर बाजारात ज्याचा वास उग्र त्याचा माल खरा, असा हिशोब होता. त्यांनी फिनॉल, म्हणजे कार्बोलिक आम्ल, हे माप धरलं. विषमज्वराचे जंतू नळीत घ्यायचे. एका नळीत फिनॉल पातळ करून घालायचं, दुसरीत आपलं जंतुनाशक, आणि ठराविक मिनिटांनी थेंब काढून जंतू वाढतात का ते पाहायचं. शंभर पट पातळ केलेलं फिनॉल जे काम करतं, तेच काम एखादं जंतुनाशक अठराशे पट पातळ करून करत असेल, तर त्याचा गुणांक अठरा. आपल्या देशाच्या औषध नियमांत, १९४५ च्या, 'ओ' नावाचं परिशिष्ट आहे, त्यात फिनेलच्या प्रती याच मापानं ठरवल्यात. पहिली प्रत अठरा, दुसरी दहा, तिसरी पाच.

रीत साधी, स्वस्त आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत केली तरी बऱ्यापैकी तेच उत्तर देणारी. मानकाला एवढं तर हवंच. पण त्या नळीत काय नव्हतं ते पाहा. घाण नव्हती. शेण नव्हतं, दूध नव्हतं, रक्त नव्हतं. जंतू स्वच्छ द्रवात पोहत होते आणि जंतुनाशक त्यांना चारी बाजूंनी भिडत होतं. पहिलवान मातीत न उतरवता नुसता तराजूवर तोलावा, तसं.

हे पाच वर्षांत कुणाच्या तरी लक्षात आलंच. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक नावाच्या बाई काम करत होत्या. त्या काळात त्या संस्थेत बाईनं संशोधक म्हणून येणं काहींना रुचलंही नव्हतं. त्यांनी आणि चार्ल्स मार्टिन यांनी १९०८ साली रिडिअल-वॉकरच्या नळीत माणसाची वाळवलेली विष्ठा मिसळली. बाजारातल्या बऱ्याच औषधांचा रुबाब एकदम उतरला. पुढे विष्ठेच्या जागी यीस्ट वापरायला लागले, ते सोयीसाठी. माझ्या मते या सगळ्या शास्त्रात सर्वांत मोठी उडी तीच होती. जंतुनाशकाची परीक्षा घाणीसकट घ्यायची, घाण वगळून घेतलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे.

तरीही ती नळीच होती. झाकणाची आतली कड म्हणजे नळी नव्हे.

पृष्ठभागावरचा जंतू पोहत नसतो. तो दुधाच्या पातळ थरात वाळून बसलेला असतो. ओरखड्यात, वायसरखाली, वेल्डिंगच्या शिवणीत. दुधातली चरबी आणि प्रथिनं त्याच्यावर पांघरूण घालतात आणि कॅल्शियम वर दगडाचा थर चढवतं. डेअरीत याला दूधदगडच म्हणतात. तिथे तुमचं जंतुनाशक एका पातळ पापुद्र्यासारखं पसरतं. लेबल म्हणतं, दहा मिनिटं ओलं राहू द्या. एप्रिल महिन्यात इंदापूरच्या माळावर दहा मिनिटं काय ओलं राहतं हो? घाम राहत नाही.

म्हणून पृष्ठभागासाठी वेगळी मानकं निघाली. युरोपचं एक आहे, ईएन १३६९७. त्यात दोन सेंटिमीटर व्यासाची स्टेनलेस स्टीलची चकती घेतात. तिच्यावर जंतूंचा थेंब घाणीसकट वाळवतात. मग वर जंतुनाशकाचा थेंब टाकतात, घड्याळ लावतात आणि पाच मिनिटांनी किती उरले ते मोजतात. ज्यात चकती न वापरता जंतू द्रवातच ठेवतात त्या ईएन १२७६ मध्ये पाच शून्यं उडावी लागतात. इथे चारच उडाली तरी पास.

शून्यं उडणं म्हणजे काय ते सांगतो, कारण 'लॉग' म्हटलं की लोक उठून चहाला जातात. दहा लाख जंतू होते. एक लॉग कमी झाला, एक शून्य उडालं, एक लाख उरले. चार लॉग, चार शून्यं, शंभर उरले. जाहिरातीच्या भाषेत हे ९९.९९ टक्के. मला त्या टक्क्यांचा राग आहे, कारण ते मेलेल्यांची गणती सांगतात आणि आपलं भवितव्य उरलेल्यांच्या हातात असतं. उरलेल्या शंभरांना थोडी ओल आणि दुधाचा लपका मिळाला आणि ते वीस मिनिटांत दुप्पट व्हायला लागले, तर तीन तास वीस मिनिटांत ते एक लाखाच्या वर जातात. रात्री आठला धुतलेला, पाणी न निथळता झाकण घट्ट लावून ठेवलेला कॅन पहाटे पाचला उघडतो, तेव्हा काय होतं ते तुम्हीच मोजा. आमच्या आया भांडी धुऊन पालथी घालत. त्यांना लॉग माहीत नव्हता, पण ओल राहू द्यायची नाही हे ठाऊक होतं.

त्या युरोपीय मानकात मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांची घाणसुद्धा मोजून घेतलेली आहे. साधी घाण आणि जास्त घाण, यासाठी गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन ठराविक वजनानं घालायचं. आणि दुधाच्या धंद्यासाठी? मलईविरहित दुधाची पावडर. म्हणजे कागदावर कुठेतरी आपला गोठा आला बरं का. डॉक्टरांना हे सांगायला हवं होतं. पण ते लगेच म्हणाले असते, मलईविरहित का? आमच्या म्हशीचं का नाही? आणि त्यांचं बरोबर असतं.

आता पाणी. मानक म्हणतं, जंतुनाशक ठराविक कडकपणाच्या पाण्यात मिसळा. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबानं ३०० मिलिग्रॅम. आपल्या पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, म्हणतं की कडकपणा २०० पर्यंत असावा, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालेल. म्हणजे पिण्याजोगं म्हणून पास झालेलं पाणी परीक्षेतल्या पाण्यापेक्षा दुप्पट कडक असू शकतं. पिण्याचं झालं. गोठा धुवायला बोअरचं पाणी लागतं, ते कुणी मोजतं का?

इथे थोडं आपल्या मातीत शिरतो. नीरा डावा कालवा १८८५ चा. कालवा आला, बागायत आली, ऊस आला आणि त्याच्या मागून मीठही वर आलं. १९१० सालीच हॅरॉल्ड मॅन आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर मुंबई शेतकी खात्यासाठी पुस्तिका लिहिली. म्हणजे आपल्या पायाखाली काय साठतंय हे या भागाला शंभर वर्षांपासून माहीत आहे. चोपण रान पाहिलं की शेतकरी हळहळतो. पण त्याच रानातल्या बोअरच्या पाण्यात तो महागातलं जंतुनाशक कालवतो तेव्हा त्याला शंका येत नाही. चतुष्क अमोनियम जातीची औषधं, म्हणजे ती फेस येणारी, वासाला बरी, हातांना न झोंबणारी, कडक पाण्यात बरंच बळ आधीच कॅल्शियम-मॅग्नेशियमशी झटापट करण्यात घालवतात. हायपोला कडकपणाचं तितकंसं वावडं नाही. पण पाणी अल्कलीकडे झुकलेलं असेल तर त्यातलं खरं मारेकरी रूप, हायपोक्लोरस आम्ल, कमी होतं. त्यातून हायपोचा कॅन पत्र्याच्या शेडखाली ठेवला, वर मे महिना, तर लेबलावरचा आकडा फक्त लेबलावरच उरतो. उष्णता आणि उजेड, दोन्ही त्याला खातात.

एक सूचना, विषय सोडून नाही. हायपो जोरदार व्हावा म्हणून कुणी त्यात आम्ल ओतू नका. आम्लाच्या धुलाईनंतर पाइप नीट खंगाळल्याशिवाय हायपो सोडू नका. क्लोरीन वायू निघतो. जंतू राहतील, माणूस जाईल.

हायपो म्हटलं की मला माझीच एक फजिती सांगावी लागते. डेअरीचं नाव सांगत नाही, कारण चूक डेअरीची नव्हती, माझी होती. पाइपलाइनची धुलाई व्हायची, आधी कोमट पाणी, मग कॉस्टिक, मग आम्ल, मग पाणी, शेवटी हायपो. रोज धुलाईनंतर मी स्वॅब घ्यायचो आणि प्लेट लावायचो. निकाल, निरंक. आठवडा, महिना, चार महिने, निरंक. रजिस्टरमध्ये 'निरंक' लिहून लिहून माझं अक्षर सुधारलं. आणि तिकडे गावातून तक्रार, पिशवीतलं दूध संध्याकाळपर्यंत फाटतंय.

एक नवी मुलगी प्रयोगशाळेत लागली. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "सर, न्यूट्रलायझर कोणता वापरतो आपण?" मी दचकून दार लावलं. दुधाच्या धंद्यात न्यूट्रलायझर ही शिवी आहे. आंबट झालेलं दूध लपवायला त्यात सोडा घालतात, त्याला आम्ही न्यूट्रलायझर म्हणतो आणि रोझॅलिक आम्लानं तो पकडतो. "अगं हळू बोल, आपल्याकडे तसलं काही चालत नाही," म्हटलं. तिला हसू आवरेना. तिचं म्हणणं साधं होतं. नुकत्याच हायपो मारलेल्या पाइपात स्वॅब फिरवला की कापसाबरोबर हायपोही नळीत येतो. नळीत तो जंतू मारतच राहतो. प्लेटवर काही उगवत नाही. जंतू पाइपात नव्हते असं नव्हे, ते तुमच्या नळीत मेले. म्हणून नळीत आधी हायपोला मारणारं काहीतरी हवं. म्हणजे सोडियम थायोसल्फेट.

आता गंमत बघा. जुन्या फोटो स्टुडिओत ज्यांनी अंधाऱ्या खोलीत काम केलंय त्यांना थायोसल्फेट म्हटलं की कळणार नाही, पण 'हायपो' म्हटलं की लगेच कळेल. फोटो पक्का करायचा तो हायपो. एक हायपो जंतू मारतो, दुसरा हायपो पहिल्या हायपोला मारतो. नाव एक, जात वेगळी. आम्ही थायोसल्फेट घातलं आणि दोन दिवसांनी प्लेट उघडली, तर वसाहती मोजता मोजता पेन थकलं. मी तो आकडा घेऊन व्यवस्थापकांकडे गेलो. ते म्हणाले, "बघा, तुमच्या ह्या नव्या औषधानं जंतू वाढले."

त्यांना दोष देत नाही. चार महिने मीच त्यांना शून्याची सवय लावली होती.

चांगल्या मानकात नेमकी हीच जागा सर्वांत काटेकोर असते. नुसता न्यूट्रलायझर घातला असं म्हणून चालत नाही. तो औषधाला खरंच थांबवतो हे दाखवा. तो स्वतः जंतूंना मारत नाही हे दाखवा. आणि औषध सोडून बाकी सगळी परिस्थिती, म्हणजे वाळवणं, तापमान, पाणी, ही जंतूंना मारत नाही हेही दाखवा. तीन वेगळे पुरावे. कोर्टात साक्षीदाराचीही उलटतपासणी होते, तसंच हे. लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट हे चतुष्क अमोनियमसाठी, थायोसल्फेट क्लोरीनसाठी. एकच सगळ्यांना चालतो असं समजू नका.

आणि फडकं. ईएन १६६१५ म्हणून एक चाचणी आहे, ती मला फार आवडते, कारण ती घरातल्या कामासारखी आहे. फरशीच्या तुकड्यावर ओळीनं चार चौकोन आखतात. जंतू फक्त पहिल्या चौकोनात. मग औषधात भिजवलेलं फडकं अडीच किलोंच्या आसपासच्या दगडाखाली धरून पहिल्यापासून चौथ्यापर्यंत नेतात आणि परत आणतात. प्रश्न फक्त पहिला चौकोन स्वच्छ झाला का, एवढाच नाही. उरलेल्या तिघांना काय मिळालं, हाही आहे. पहिल्यातून पाच शून्यं उडाली पाहिजेत आणि बाकीच्या तीन चौकोनांत सरासरी पन्नासांच्या वर वसाहती सापडता कामा नयेत. पुसणं म्हणजे काढणंही आणि वाटणंही. हे ज्या मानकानं ओळखलं त्याला मी शहाणं म्हणतो.

आता हा तुकडा गोठ्यात न्या. एका बालदीत लाल औषधाचं पाणी, एकच फडकं आणि ओळीनं आठ गाई. फडकं पहिल्या गाईच्या सडांवरून आठवीपर्यंत जातं. पहिलीला दगडी, म्हणजे कासेचा दाह, असेल, स्टॅफिलोकॉकसचा, तर फडकं ती वाटत जातं. बाई मात्र प्रामाणिकपणे सगळ्या कासा धूत असतात. इंदापूरकडच्या एका वहिनींनी मला ऐकवलं होतं, "सायेब, धुतल्याबिगर मी धार काढतच न्हाई, तरी दगडी कशी येती?" उत्तर त्या बालदीत होतं. प्रत्येक गाईला वेगळं कोरडं फडकं किंवा कागद, एवढंच करायचं होतं. तिथे औषधाची ताकद वाढवून काही होत नाही.

इथे थोडं मागे जावं लागेल, पुण्यात. १८९७. प्लेग. प्लेग अधिकारी रँडची समिती, गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरात शिरतात, सामान बाहेर फेकतात, भिंतींना चुना, जमिनीवर कार्बोलिकचा मारा. पुढे २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. मी त्यातल्या एकाच बाजूबद्दल बोलतो. कार्बोलिक म्हणजे फिनॉल, रिडिअल-वॉकरनं सहा वर्षांनी ज्याला मापदंड केलं तेच. जंतुनाशक म्हणून ते खोटं नव्हतं. नळीत तपासलं असतं तर पास झालं असतं. पण १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलं की प्लेग उंदरावरच्या पिसवेतून येतो. भिंतीतून नाही. लोकांची घरं, इज्जत आणि भांडीकुंडी ज्या पृष्ठभागासाठी उलथीपालथी केली, तो रोगाचा रस्ताच नव्हता. तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं हे खरं. पण ठाम मात्र सगळेच होते.

आणि एप्रिल २०२० तर आपण सगळ्यांनी पाहिलाय. कोविड आलेला, बारामतीत 'भिलवाडा पॅटर्न', म्हणजे कडक टाळेबंदी, रस्ते बंद. गावोगावी द्राक्षबागेचे ब्लोअर ट्रॅक्टरला जोडून गल्ल्यांमधून हायपोचं धुकं सोडलं गेलं. मीही उभा राहून पाहिलंय, आणि खरं सांगतो, बरं वाटलं होतं. काहीतरी चाललंय. माणसांवर फवारण्याचे बोगदेही उभे राहिले. १८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं माणसांवर फवारू नका असं सांगितलं. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं पृष्ठभागांवरसुद्धा सरसकट फवारणी करू नका, आधी धुवा, मग पुसा, असं लिहिलं. ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं सरकारला बोगद्यांबाबत बंदीचे निर्देश काढायला सांगितलं. आणि एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं जाहीर केलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून कोविड होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी.

हायपो कोविडचा विषाणू मारतो, यात शंका नाही. पण धुळीच्या रस्त्यावर, उन्हात, हवेत उडत्या थेंबात तो किती मारतो, याची परीक्षा कुणीच घेतली नव्हती. आणि रस्ता हा वाहकच नव्हता. मानकाच्या आधीचा प्रश्न राहून गेला होता, या पृष्ठभागावरून काही कुणाकडे जातं का?

दुधाच्या कॅनबाबत उत्तर 'हो' असं आहे. म्हणून इथे परीक्षा घेणं परवडतं. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत श्रायबर डायनामिक्ससारखे चीज करणारे कारखाने आहेत. इंदापूरकडे सोनाईसारखे दुधाचे प्रकल्प आहेत. तिथे पाइप स्टीलचे, धुलाई यंत्राची आणि नोंदी संगणकात. माझी काळजी तिथली नाही. अन्नसुरक्षा नियमांच्या चौथ्या परिशिष्टानुसार त्यांना स्वच्छतेच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. माझी काळजी तिथे पोचण्याआधीच्या चार तासांची आहे. गोठा, बालदी, किटली, कॅन, संकलन केंद्रातला शीतकरण टँक. स्टीलची गुळगुळीत चकती तिथे नाही. तिथे कोबा आहे, शहाबादी फरशी आहे, ओरखडे पडलेलं ॲल्युमिनियम आहे आणि मिल्किंग मशीनचा रबरी लायनर आहे. तो साधारण अडीच हजार धारांनंतर बदला म्हणतात, पण तो बदलायचा राहून जातो आणि त्याच्या भेगांतला जंतू प्रयोगशाळेतल्या कुठल्याही चकतीला माहीत नसतो. युरोपच्या मानकांत पशुपालनासाठी लाकडासारख्या सच्छिद्र पृष्ठभागाची वेगळी चाचणी आहे, ईएन १६४३७. आपल्याला कोब्याची आणि जुन्या रबराची हवी.

ती करणं काही चंद्रावर जाणं नाही. जुने, बाद झालेले कॅन कापून चार सेंटिमीटरचे तुकडे करायचे, ओरखड्यांसकट. त्यांवर निरुपद्रवी जंतू आपल्याच म्हशीच्या दुधात मिसळून वाळवायचे. पाणी गावागावातलं घ्यायचं, कालव्याचं वेगळं, बोअरचं वेगळं. तापमान दोन, जानेवारीच्या पहाटेचं आणि मेच्या दुपारचं. युरोपच्या चाचणीत खोली अठरा ते पंचवीस अंशांची असते, आपल्या शेडला तसली खोली ठाऊक नाही. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे, शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे. दूध संघ आणि केंद्रं यांनी नमुने दिले तर एका उन्हाळ्यात बरंच कळेल. कंपन्यांना प्रमाणपत्रासोबत विचारता येईल, आमच्या तुकड्यावर किती?

रोजच्या पाळतीसाठी साधी साधनंही आहेत. निळ्या रंगाची मिथिलीन ब्ल्यू चाचणी तुम्हाला ठाऊकच आहे. दहा मिलिलिटर दुधात एक मिलिलिटर रंग घालून नळी ३७ अंशांवर ठेवायची आणि निळा रंग जायला किती वेळ लागतो ते बघायचं. पाच तासांहून जास्त टिकला तर दूध उत्तम. अर्ध्या तासात गेला तर दुधाचं दुखणं कॅनमध्ये शोधायचं. हल्ली एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं रसायन, मोजायची यंत्रंही मिळतात. त्यातलं विकर मुळात काजव्याचं. स्वॅब घालायचा आणि जितका उजेड पडेल तितका मळ. जूनमध्ये भीमाशंकरच्या जंगलात जे पाहायला गर्दी करतो, तेच नळीत. पण ते यंत्र जंतू मोजत नाही, दुधाचा लपकाही त्याला जंतूसारखाच दिसतो. आणि हायपोचा अंश राहिला तर उजेडच दबतो. म्हणजे पुन्हा तीच गोष्ट, स्वॅब कशात बुडाला आहे ते विचारायचं.

डॉक्टरांच्या बोटाबद्दल एक शेवटची कबुली. त्यांच्या नाकाला मी मनातल्या मनात हसायचो. पण त्या बोटानं बरोबर जागा निवडली होती. मी पाइपाच्या मधल्या सरळ भागातून स्वॅब घ्यायचो, कारण तिथे हात पोचायचा. ते वायसरखालची कड बघायचे, कारण तिथे ब्रश पोचत नसे. स्वॅब कुठून घ्यायचा याबद्दल आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, आयएसओ १८५९३ वगैरे. कठीण जागा निवडा असं तीही सांगतात. डॉक्टरांनी ती वाचली नव्हती. त्यांनी कॅन पाहिले होते.

टेबलावरच्या झाकणांचे स्वॅब त्याच कडेवरून घेतलेत. मधल्या चमकत्या भागातून नाही. नळ्यांमध्ये दुसरा हायपो घातलाय, या वेळी विसरलो नाही. प्लेटा आज रात्री लागतील, दोन दिवसांनी संध्याकाळी उघडतील. त्या मुली चिठ्ठी उघडून दोन्ही आकडे व्याख्यानमालेच्या फळ्यावर लिहिणार आहेत, जे येतील ते. घासून धुतलेल्या झाकणाचा आकडा जास्त आला तर तोही. वायसर मी स्वतः तपासला नाही, जुना असेल तर सांगता येत नाही.